दर्यातली सवत

सत्यभामा लग्न होऊन वलगावात आली, त्याच वर्षी गावाला तिचा स्वभाव कळला. तिचा नवरा भगवंत एकदा मळ्यातून घरी येता येता सहज बोलून गेला, "बेबीताईच्या वांग्याले काय रंग हाय, बाप्पा!" बेबीताई म्हणजे शेजारच्या मळ्याची मालकीण, साठीला टेकलेली बाई. दुसऱ्या दिवशी सत्यभामेने आपल्या मळ्यातली वांग्याची सबंध ओळ उपटली आणि तिथे मेथी टाकली. सासू पार्बताबाईने विचारलं तर म्हणाली, "ज्याले लोकाची वांगी गोड लागते, त्यानं लोकाचीच खावी."

पार्बताबाईने कपाळाला हात लावला. "नाव ठेवणाऱ्यानं पाहूनच ठेवलं, माय," ती म्हणाली. कृष्णाची ती सत्यभामा निदान पारिजातकासाठी रुसली होती. ही वांग्यावर रुसली.

पण तिचा जीवही तेवढाच होता नवऱ्यावर. भगवंत उंच, सावळा, कमी बोलणारा. पेढी नदीच्या काठी त्यांचा मळा होता. पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, भेद्रं म्हणजे टोमॅटो, कडेने झेंडू. उजाडायच्या आत टोपल्या छकड्यात घालून भगवंत अमरावतीच्या बाजारात जायचा आणि ऊन तापेपर्यंत परत यायचा. तो वाटेवर दिसेपर्यंत सत्यभामा भाकरीला हात लावत नसे. तो बाजारात कुणाशी बोलला, कुणी त्याला पान दिलं, कोणत्या बाईने भाव करताना हसून पाहिलं, हे सगळं तिला हवं असायचं. तो सांगायचाही. त्याला त्यात काही जाचक वाटत नव्हतं.

मग लढाई आली. अमरावतीच्या बाजारात फौजेचे भरतीवाले बसू लागले. टेबलामागे एक हवालदार, बाजूला रंगीत चित्रं. एक दिवस भगवंत रिकाम्या टोपल्या घेऊन आला आणि ओसरीवर बसत म्हणाला, "मी नाव देल्लं."

घरात खायला होतं, मळा बरा होता. कावून गेले, म्हणजे का गेले, असं सत्यभामा पुढे आयुष्यभर विचारत राहिली. भगवंताला त्याचं उत्तर कधी देता आलं नाही. "दर्या पाहाचा व्हता," एवढंच तो म्हणायचा. हे तिला सर्वांत जास्त लागलं. दुसरी एखादी बाई असती तर तिने तिच्या झिंज्या धरल्या असत्या. दर्याच्या झिंज्या कशा धरायच्या?

त्याला फौजेच्या लंगरात घातलं, म्हणजे स्वयंपाकाच्या तुकडीत. माळ्याचा पोरगा, भाजी ओळखतो, म्हणून रसदीच्या कोठारावर नेमलं. त्याची पत्रं यायची ती गावातले गुरुजी वाचून दाखवायचे. पहिल्या पत्रात सासूची तब्येत, मळ्याचं पाणी, बैलांची चौकशी होती. दुसऱ्यात एक नवीन नाव आलं. "अकोल्याकडचा, पातूरचा गोवर्धन माह्यासंगं हाय. आपल्यातलाच हाय. फुलाचा मळा हाय त्याचा." तिसऱ्या पत्रात गोवर्धन गाणं म्हणतो असं होतं. चौथ्यात गोवर्धनने त्याला भाकरी थापायला शिकवलं.

"भाकर थापाले!" सत्यभामा गुरुजींसमोरच म्हणाली. "घरी कधी पाण्याचा तांब्या उचलला नाई, आन् तठी भाकर थापते!"

त्यानंतर तिने गुरुजींना सांगून ठेवलं होतं, गोवर्धनचं नाव आलं तर तेवढं सोडून वाचा. गुरुजींनी एकदा तसं वाचलं, तर पत्र दोन ओळींतच संपलं.

मग पत्रं थांबली. चव्वेचाळीस साल होतं. होळी झाली, पाडवा झाला. बाजारात कुणी म्हणे, आपल्या पोरांनी भरलेलं जहाज बुडालं. कुणी म्हणे, सगळ्या अफवा. पार्बताबाईने जेवण टाकलं. सत्यभामा मात्र रोज मळ्यात जायची, मोट धरायची, पाणी फिरवायची, आणि कुणी डोळ्यात पाणी आणून पाहिलं तर त्या बाईला बांधावरून हाकलायची. "मेला नाई थो," ती म्हणायची. "मेला असता तर मले समजलं असतं."

आणि एका दुपारी तो आला. पाठीवर फौजी पिशवी, डोक्याचे केस कापलेले, गालाची हाडं वर आलेली. पार्बताबाईने त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. सत्यभामा दारात उभीच राहिली. तिला वाटलं, धावत जाऊन त्याला धरावं. पण सासूसमोर कसं धरणार? तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. त्याने तो घेतला, पण तिने विचारलेलं त्याला ऐकू आलं नाही. डावा कान गेला होता.

संध्याकाळी पिशवी रिकामी करताना तिला तळाशी शेवंतीची रोपं सापडली, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. मातीचा वास अजून ताजा होता.

"हे कुठले?" तिने उजव्या कानाशी जाऊन विचारलं.

"पातूरचे. गोवर्धनच्या घरून."

"पातूरले कधी गेल्ते?"

"आता. अकोल्याले उतरलो आन् तिकडूनच पहिले पातूरले गेलो. चार-आठ रोज राह्यलो. गोवर्धन गेला. त्याच्या घरी सांगाले पायजे व्हतं."

त्याने हे अगदी सरळपणे सांगितलं. तिने रोपं उचलली, बाहेर नेली आणि मळ्याच्या सगळ्यात वाईट, चुनखडीच्या कोपऱ्यात लावली. ती जगली, ही गोष्ट वेगळी. पण त्या दिवसापासून तिच्या छातीत एक निखारा बसला. ती इथे वाट पाहून मरत होती, आणि हा माणूस मरणाच्या दारातून सुटून आला तो पहिल्यांदा दुसऱ्या बाईच्या दारात गेला.

त्या बाईचं नाव दुर्गाबाई. गोवर्धनची विधवा. मूलबाळ नाही, घरात म्हातारा सासरा नत्थुजी. एवढं भगवंताने सांगितलं. जहाजाचं काहीच सांगितलं नाही. "बुडालं," एवढाच शब्द. सत्यभामेने खोदून विचारलं की तो नेमका डावा कान तिच्याकडे करून बसायचा.

आणि तो पातूरला जाऊ लागला. बडनेऱ्याला जाऊन आगगाडी धरायची, अकोल्याला उतरायचं, तिथून मोटारीने पातूर. कधी त्यांच्या विहिरीची मोट फाटली म्हणून, कधी शेवंतीची लावण आली म्हणून, कधी नत्थुजीला ताप आला म्हणून. दर महिना-दीड महिन्याला काही ना काही निघायचंच. तो परत यायचा तेव्हा त्याचा चेहरा हलका असायचा, हे सत्यभामेने पाहून ठेवलं होतं. जाताना जड, येताना हलका. तिच्या घरून तिकडे जड जातो आणि तिकडून हलका होऊन येतो, तर ओझं कोणाचं होतं?

वलगावात बाया बोलू लागल्या. "अवो, विधवेच्या मळ्यात कोणी फुकट पाणी देते काय?" सत्यभामा त्यांना शिव्या द्यायची आणि घरी येऊन तेच स्वतःशी म्हणायची. तिला मनातून ठाऊक होतं की भगवंत तसला माणूस नाही. ते ठाऊक होतं म्हणूनच तिला जास्त जळायचं. तसलं काही असतं तर तो लाजला असता, त्याने लपवलं असतं, आणि तिने पकडलं असतं. हा तर भर दिवसा, आईला सांगून जात होता.

एक दिवस विहिरीवर तिचा बांध फुटला. भगवंत पातूरला न्यायला लसणाच्या कुड्या बांधत होता.

"कोण व्हता थो गोवर्धन तुमचा?" ती म्हणाली. "मायबाप व्हता? देव व्हता?"

"त्यानं मले वाचवलं."

"तुमाले वाचवलं तर सोता कावून नाई वाचला? एवढा मोठा पोहणारा व्हता, तर घरी बायको हाय हे नाई आठवलं त्याले?"

भगवंताच्या हातातली कुडी खाली पडली. तिने त्याला इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "हेच पातूरची वहिनी इचारते मले," तो ओरडला. कान गेल्यापासून त्याचा आवाज मोठाच झाला होता, पण हा वेगळा होता. "दरखेपी इचारते. मी का सांगू तिले? थो शेवटी गेला थे एका मडमेसाठी गेला! एक गोरी नर्सबाई पाण्यात ओरडून राह्यली व्हती. तिच्यासाठी गेला थो. वहिनीले मी सांगतलं, कोणाचा तरी पोट्टा व्हता म्हणून. तू आता तोंड उघडजो नको."

तो लसूण तिथेच टाकून निघून गेला. सत्यभामा काठावर बसून राहिली. तिला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर तिला पहिल्यांदा बरं वाटलं. त्या पातूरच्या बाईपेक्षा आपल्याला एक गोष्ट जास्त माहीत आहे, हे तिने मनात धरून ठेवलं, पदराला गाठ मारून ठेवावी तसं.

पुढच्या खेपेला ती म्हणाली, "मीही येतो पातूरले."

भगवंत म्हणाला, "चाल." त्याला आनंद झाल्यासारखा दिसला. त्याचाही तिला राग आला.

वाटभर तिने दुर्गाबाईचं रूप मनात रंगवलं होतं. गोरी असेल, डोळे मोठे असतील. पातूरला पोचल्यावर एक ठेंगणी, देवीचे व्रण असलेली बाई झेंडूच्या वाफ्यातून उठून आली. हात राठ, पाय भेगाळलेले, कपाळ मोकळं. सत्यभामेचं मन खट्टू झालं. रूपाला दोष देता आला असता तर सोपं झालं असतं. ह्या बाईत असं काय होतं मग?

"या बाई," दुर्गाबाई म्हणाली. "लय दिवसाचं म्हणत व्हती भाऊजीले, एकदा घेऊन या म्हणून."

नत्थुजी ओसरीवर खाटेवर बसला होता. डोळ्यांत फूल पडलेलं, पण आवाज ठणठणीत. भगवंत त्याच्याजवळ बसला तसा म्हाताऱ्याने त्याचा गुडघा चाचपला, आणि काहीतरी म्हणाला, आणि भगवंत हसला. मोठ्याने, तोंड उघडून. घरी आल्यापासून तो एकदाही असा हसला नव्हता. सत्यभामा चुलीपाशी मिरच्या निवडत होती. तिच्या हाताला ठेचा लागल्यासारखी आग झाली.

जेवणं झाली. नत्थुजीने पान लावलं आणि म्हणाला, "सांग बाप्पा, जहाजाची गोठ सांग."

दुर्गाबाई भिंतीला टेकून बसली, जशी रोजच्या कीर्तनाला बसावी. आणि भगवंत सांगू लागला. घरी ज्याच्या तोंडातून 'बुडालं' याच्यापुढे शब्द निघाला नव्हता, तो माणूस सांगू लागला.

जहाजाचं नाव त्याला आजही नीट म्हणता येत नव्हतं. लढाईच्या आधी ते साहेबलोकांना इकडून तिकडे नेणारं होतं. जेवणघरात भिंतीभर आरसे, छताला काचेचे लोलक, नाचायला गुळगुळीत लाकडी जमीन. फौजेने घेतलं तेव्हा वरून पांढऱ्याचं राखाडी केलं, पलंग काढले, खाली तळाशी दोऱ्यांच्या झोळ्या टांगल्या आणि त्यात शिपाई भरले, टोपलीत भेद्रं भरावी तसे. पण आरसे तसेच राहिले होते. गोवर्धन कोठारातून कांद्याचं पोतं वर नेताना त्या आरशांसमोर थांबून साफा नीट करायचा आणि म्हणायचा, "मी नवरदेव दिसतो का नाई, सांग."

इथे दुर्गाबाई हळूच हसली. सत्यभामेने ते पाहिलं.

"जेवणं झालती," भगवंत म्हणाला. "आमी दोघं वर, कठड्यापाशी, भांडे घासून राह्यलो व्हतो. एकदम जहाज असं उचललं गेलं, बैल लाथ मारते तसं. मंग दुसरा दणका. कोणी म्हणे पाणबुडी, पाणबुडी. मले काहीच नाई समजलं. जहाज एका अंगावर झालं. खाली झोळ्यात जे व्हते त्याइचा आवाज येऊन राह्यला व्हता. थो आवाज..." नत्थुजीने पुन्हा त्याचा गुडघा धरला. "गोवर्धननं मले पाण्यात ढकललं. मले पोहता येत नाई. त्यानं माह्या कॉलरले धरलं. साहेबाच्या जेवणघराचं दार तरंगत आलं व्हतं. त्यानं मले त्याच्यावर टाकलं, आपला साफा सोडला आन् मले दाराच्या कडीले बांधलं. म्हणे, हलजो नको, भगवंता, नाईतर तुह्या बायकोले मी का तोंड दाखवू?"

सत्यभामेने मान वर केली. हे तिच्याविषयी होतं. तिच्याविषयीचं हे वाक्य त्या बाईने किती खेपा ऐकलं होतं, आणि तिने आज पहिल्यांदा.

"जहाज पाहता पाहता गेलं. जसा दगड जाते. मंग थो गेला आन् एका पंजाबी शिपायाले घेऊन आला. त्याचा पाय मोडला व्हता. त्याले माह्या बाजूले ठेवलं. धापा टाकून राह्यला व्हता. मी म्हटलं, आता बस, दार धर. तेवढ्यात आवाज आला, थोडा दूर. थो म्हणे, आलोच. मी त्याचा हात धरला व्हता. त्यानं सोडवला." भगवंताने आपल्या तळहाताकडे पाहिलं. "आपल्या सोबतीच्या लढाऊ जहाजानं पाणबुडी माराले दारूगोळ्याचे पिंप टाकले पाण्यात. पाणी झाडाएवढं उसळलं. माहा कान तवाच गेला. मंग पाह्यलं तर कोणीच नाई."

नत्थुजीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तो पुसत नव्हता. दुर्गाबाई पदर डोळ्याला लावून म्हणाली, आणि आवाजात दुःख असलं तरी तिची मान ताठ होती, "कोण्या मायचा लेक व्हता कोण जाणे. त्या पोट्ट्यासाठी गेला माहा माणूस."

ही ताठ मान सत्यभामेला सोसली नाही. नवऱ्याची गोष्ट हिच्याकडे, नवऱ्याचं हसणं हिच्याकडे, आणि वरून ही ताठ मान.

"पोट्टा नव्हता थो," ती चुलीपासून म्हणाली. "मडम व्हती. गोरी नर्स. हे म्हणाले मले. तिच्यासाठी गेला तुमचा माणूस."

भगवंताने डोळे मिटले. दुर्गाबाईने त्याच्याकडे पाहिलं. "भाऊजी?" ती म्हणाली. त्याने मान वर केली नाही. तिचा चेहरा राखेसारखा झाला. ती उठली, त्यांची पिशवी खुंटीवरून काढली आणि दाराबाहेर ठेवली.

"उठा," ती म्हणाली. "दोघंही उठा. आन् भाऊजी, आता अठी येजा नका."

अकोल्यापर्यंत मोटारीत, तिथून गाडीत, भगवंत एक शब्द बोलला नाही. सत्यभामेने भांडण होईल अशी तयारी करून ठेवली होती. भांडण झालंच नाही.

त्याचं पातूरला जाणं थांबलं. सत्यभामेला जे हवं होतं ते मिळालं. नवरा रोज घरी, रोज मळ्यात, रोज ताटावर समोर. पण तो आता नेहमी असा बसायचा की डावा कान तिच्याकडे यावा. तिने वांगी केली की वांगी खायचा, पिठलं केलं की पिठलं खायचा. बाजारातलं काही सांगायचा नाही. पार्बताबाई एकदा चिडून सुनेला म्हणाली, "थ्या बाईपासून आणला ओढून, आन् आता ठेवशील कुठी? शिंक्यावर?"

हिवाळ्यात तो अमरावतीहून आला आणि छकडा सोडता सोडता आईला म्हणाला, "नत्थुजी गेला म्हणते. महिना झाला." आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेला. सत्यभामेने गोठ्यात डोकावून पाहिलं तर तो बैलाच्या मानेवर डोकं टेकवून उभा होता.

त्या रात्री ती काय काय विचार करत होती हे तिने कुणाला सांगितलं नाही. सकाळी तिने टोपलीत गवार आणि भेद्रं भरली, सासूला म्हणाली, "मी पातूरले जातो," आणि निघाली. भगवंताने अडवलं नाही, सोबतही आला नाही.

दुर्गाबाई शेवंती तोडत होती. सत्यभामेला पाहून तिने हात थांबवले नाहीत. "आता का सांगाले आली?" ती म्हणाली. "आणखी कोणी राह्यली काय?"

"म्हातारा गेला म्हणून आली."

"म्हातारा गेला. तुह्या घरच्याची वाट पाहून गेला. म्हणे, गोठवाला कावून नाई आला? मी नाई सांगतलं मी हाकललं म्हणून."

सत्यभामा वाफ्याच्या कडेला बसली. तिला क्षमा मागायची होती, पण तोंडातून भलतंच निघालं. "माह्या घरी थो येक शबुद बोलत नाई. तुह्या ओसरीवर बोलला. तुह्याजवळ हसला. जिता आला आन् पहिले तुह्या दारात आला. मले सोसलं नाई."

दुर्गाबाईने फुलांची टोपली खाली ठेवली. "आन् मले सोसलं, असं वाटते तुले?" ती म्हणाली. "थो पहिल्यांदा आला तवा दारात उभा राह्यला, फौजी कपड्यात, उनाच्या तोंडावर. मले वाटलं, माहा आला. मी हातातलं टाकून धावली. मंग तोंड दिसलं. तवापासून दरखेपी त्याले जेवू घालतो आन् मनात म्हणतो, हा कावून? थो कावून नाई? त्याले घास गिळता पाहून मले जळते, सत्यभामा. जिता माणूस तुह्या वाट्याले आला. माह्या वाट्याले फकत गोठ आली. थेही पायजे तुले?"

आपलाही कुणी हेवा करत असेल हे सत्यभामेच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. ती मुकाट्याने शेवंती तोडू लागली. बराच वेळ दोघी तोडत राहिल्या.

मग दुर्गाबाईने विचारलं, "कशी व्हती थे? मडम?"

"मले का मालूम. यांनीही धड नाई पाह्यलं. ओरडत व्हती म्हणे."

"जवान व्हती?"

"असन."

"पोचला काय थो तिच्यापाशी?"

"नाई मालूम. पाणी उसळलं तवा अर्ध्यात व्हता."

दुर्गाबाईने दातांनी ओठ दाबला. "लय दिवस मी जळली," ती म्हणाली. "म्हटलं, दर्यात जाऊन सवत केली मले. अजूनही जळतो, खोटं का बोलू? पण थो तसाच व्हता. कोणी हाक मारली का त्याच्यानं बसवत नव्हतं. मंग बाप्या असो का बाई. पोट्टा म्हणून तुह्या घरच्यानं सांगतलं, थ्या पोट्ट्यासाठी मी देवाले फुलं वाहत व्हती. खोट्या पोट्ट्यासाठी. तुह्या मनात खार व्हता, पण खरं तूच बोलली."

"मी चांगल्यासाठी नाई बोलली."

"थे मले समजते."

मुक्कामाला राह्य, असं दुर्गाबाई म्हणाली नाही आणि सत्यभामाही थांबली नाही. पण निघताना दुर्गाबाईने गवारीची टोपली ठेवून घेतली आणि रिकामी न देता शेवंतीने भरून दिली. "त्याले म्हणजो, येजो," ती म्हणाली. "पण तुह्यासंगंच येजो. आन् पुन्हा खोटं बोलला तर ओसरीवर चढू देणार नाई."

घरी येऊन तिने हा निरोप भगवंताच्या उजव्या कानात सांगितला. त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग आपल्या आईकडे वळून म्हणाला, "माय, उद्याच्याले दशम्या करजो. पातूरले जातो आमी."

त्यानंतर ते दोघं मिळून जात राहिले. भगवंत पुन्हा सांगू लागला, आता मडमेसकट. दुर्गाबाई त्या जागी आली की उठून चुलीतलं लाकूड सारायची. पुढे सायबाचं राज्य गेलं, वलगावची माणसं कुणी नागपूर, कुणी मुंबई पाहून आली. भगवंताने पुन्हा कधी दर्या पाहिला नाही. सत्यभामेला दोन मुली झाल्या, पहिलीच्या लग्नात मंडपाची सगळी फुलं पातूरहून आली.

सत्यभामेचा स्वभाव गेला असं मात्र कुणी समजू नये. पातूरहून परतताना ती दरखेपी हिशेब मांडायची, दुर्गाबाईने त्याला किती वेळा वाढलं, तो किती वेळा हसला. एकदा दुर्गाबाईने त्याच्यासाठी विणलेला लोकरीचा कानटोप तिने वाटेत गाडीच्या खिडकीतून टाकून दिला, आणि घरी पोचल्यावर दुसरा विणायला बसली.

भगवंत गेला तो म्हातारा होऊन, आपल्या खाटेवर, दोन दिवसांच्या तापाने. सांगावा पोचला तशी दुर्गाबाई पातूरहून आली. अंगणात पाय ठेवताच तिने असा हंबरडा फोडला की गल्लीतल्या बाया दारात आल्या. सत्यभामा आतून बाहेर आली आणि म्हणाली, "आता पुरे कर, दुर्गे. नवरा माहा व्हता."

दुर्गाबाईने नाक पुसलं. "तुहाच व्हता, बाई," ती म्हणाली. "कोण नाई म्हणते? सकाळपासून तुह्या पोटात काही गेलं काय? पीठ कुठी ठेवलं, थे सांग."